पेवाची पाहणी

बलभीम भाऊजी आमच्या पेवात पडले तेव्हा त्यांच्या हातात भज्जीची पळी होती. पाय मुरगळला, पागोटं कानावर आलं, धोतराचा सोगा कडब्यात अडकला; पण पळी त्यांनी सरळ धरली होती. एक थेंब सांडला नव्हता. सगळं गाव पुढं महिनाभर याच पळीवर बोलत होतं आणि भाऊजींना राग आला तो पडल्याचा नव्हे, या पळीचा.

आमचं गाव धाराशिवकडं, तेरच्या अलीकडं. इथं वेळ अमावस्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं. सगळे रानात. ज्वारी कमरेच्या वर आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांना नैवेद्य दाखवला की जेवणं. सोले, घाटे, वाल, वाटाणा घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यात आंबवलेली गार आंबील. आणि एक रीत अशी की, जेवायला बसण्याआधी बांधावर उभं राहून हाळी द्यायची. वाटेनं जाणारा ओळखीचा असो, नसो, त्याला बोलवायचं. एस.टी.चा ड्रायव्हर गाडी थांबवून जेवून गेल्याचं मी पाहिलं आहे. एकदा तर नोटीस बजावायला आलेला बेलिफ जेवला, हात धुतले आणि नोटीस उद्या देतो म्हणून गेला.

लग्न होऊन आले त्या वर्षापासून आमच्या रानातली हाळी माझ्याकडं आहे. सासरे म्हणाले, सूनबाईचा आवाज खणखणीत आहे, शेजारच्या शिवारापर्यंत जाईल. तेव्हापासून मी देते. आता कंबर वाकली, पण आवाज आहे.

हाळी देताना मी एक नाव मुद्दाम घेते. "बलभीम भाऊजी, या हो जेवायला!"

आणि बलभीम भाऊजी येत नाहीत. त्यांचं रान आमच्या रानाला लागून. भाऊबंदकीतले दीर. तरुणपणी ते आमच्याकडंच जेवायचे. एका येळवशीला त्यांनी उंड्यांवर असा काही हात मारला, की आमच्या ह्यांनी सगळ्यांसमोर थट्टा केली, "बलभीम, पांडवांना तरी एखादा ठेव रं." सगळे हसले. भाऊजी पत्रावळीवरून उठले, आंबिलीनंच हात धुतला आणि म्हणाले, "ह्या रानात परत घास घेतला तर नाव लावणार न्हाय." हे त्यांना आणायला बांधापर्यंत धावले, पण भाऊजी काही फिरले नाहीत. पुढं हे गेले, तेव्हा भाऊजी खांदा द्यायला पहिले होते. पण येळवशीला नाही म्हणजे नाही.

त्यांची बायको शांताक्का मात्र दर वर्षी यायची. पोटभर जेवायची आणि निघताना पदराखालून एक स्टीलचा डबा काढायची. मी काही न विचारता काठोकाठ भज्जी भरायची. घरी जाऊन ती भाऊजींना सांगायची, "मी केलीया." शांताक्काच्या हाताला काय चव होती ते साऱ्या गावाला माहीत होतं. तिच्या पिठल्याला त्यांचं कुत्रंसुद्धा तोंड लावत नसे. पण भाऊजी म्हणे भज्जी चाटूनपुसून खायचे आणि म्हणायचे, वर्षातनं एकच दिस तुला सैपाक जमतो.

शांताक्का गेली, तिला दोन येळवशी झाल्या.

तर पेव. जुन्या काळी ज्वारी जमिनीखालच्या पेवात भरत. वरून अरुंद तोंड, आत कोठीएवढी जागा. आमच्या रानातलं पेव कधीच बंद झालं होतं, मुरूम टाकून अर्धवट बुजवलेलं, तोंडावर मोठी फरशी. या वर्षी माझ्या मुलानं, कृष्णराजनं, पंपघर बांधलं आणि ती फरशी पायरीला नेली. "आई, आयती पायरी मिळाली," म्हणाला.

येळवशीच्या सकाळी मी त्याला म्हटलं, "अरे, लेकरं हुंदडतील, तेवढं पेवाचं तोंड झाक."

"झाकतो," म्हणाला आणि कोप करून उरलेल्या कडब्याच्या पेंढ्या त्यावर आडव्या टाकल्या. दिसू नये एवढं झाकलं, पडू नये एवढं नाही. मीही तिकडं वळून पाहिलं नाही. आमच्यात झाकणं म्हणजे पदर टाकणं, खाली काय आहे ते कोण बघतं!

बाया जास्तीच्या भज्जीचं पातेलं कोपीच्या मागं सावलीला ठेवतात, मागून येणाऱ्यांसाठी. पातेल्यापासून पेव हाताच्या अंतरावर. मी हाळी दिली, भाऊजींचं नाव घेतलं, सगळे पुढं पत्रावळींवर बसले. तेवढ्यात मागून कडबा करकरला आणि "आरारा!" झालं.

आम्ही धावलो. भाऊजी छातीपर्यंत पेवात. वर डोकं, पागोटं आणि पळी.

माझी नात वैष्णवी म्हणाली, "आजोबा, लागलं का?"

भाऊजी म्हणाले, "बांध बघत व्हतो."

त्यांना वर काढलं. पळी त्यांनी माझ्या हातात दिली, डोळे दुसरीकडं करून. कृष्णराजनं त्यांना गाडीत घालून धाराशिवला नेलं. घोट्याला प्लास्टर बसलं. दवाखान्याचं सगळं त्यानं पाहिलं, आणि वाटलं की मिटलं.

पण गावानं मिटू दिलं नाही. पोरं भाऊजींना पाहिलं की हात सरळ धरून चालायची. शेवटी भाऊजींनी तंटामुक्ती समितीत अर्ज टाकला. कस्तुराबाईनं, म्हणजे मी, आणि माझ्या मुलानं भाऊजींना पाडण्यासाठी कडब्याखाली सापळा लावला, असा आरोप.

त्या दिवशी कृष्णराज घरी आला तो तणतणत. "आई, झालं तुझ्या हाळीचं समाधान? पुढच्या वर्षीपासून बंद. चारी बाजूंनी तारेचं कुंपण घालतो, फाटकाला कुलूप. 'आत येण्यास मनाई' म्हणून पाटी लावतो. कुणी यायला नको, कुणी पडायला नको."

"आणि येळवस?"

"आपली आपण करू. घरचे चौघं."

चौघांत येळवस! लग्नात आणलेले दागिने गेले, सासूची नथ गेली, त्याचं मला एवढं वाटलं नव्हतं. ही हाळी माझी स्वतःची म्हणून एवढी एकच गोष्ट त्या घरानं मला दिली होती, आणि भाऊजींच्या घोट्यापायी ती जाणार होती.

वैष्णवी धाराशिवला वकिली शिकते. मी तिला रात्रीच्या भाकरी थापता थापता विचारलं, "कायदा काय म्हणतो गं?"

ती खूश झाली. घरात तिला कुणी कायदा विचारत नाही. म्हणाली, "आजी, आपल्या जागेत येणारे वेगवेगळे असतात. आपण बोलावलेला पाहुणा असेल, तर त्याची काळजी घेणं आपलं काम. खड्डा असेल तर सांगायला हवं, बुजवायला हवं. पण न विचारता घुसलेला असेल, तर त्याची एवढी जबाबदारी नाही. फक्त मुद्दाम सापळा लावायचा नाही."

"आणि वाट चुकलेला?"

"तो... बघावं लागेल."

"शेजाऱ्याची म्हैस हुडकत आलेला? पाणी मागायला आलेला? आधी पाणी मागायला आला आणि मग बोरं तोडायला लागलेला?"

"आजी, परीक्षेत एवढे नसतात."

"आणि पाहुणा पडला तर जास्त दुखतं का?"

"दुखण्याचा प्रश्न नाही गं, कर्तव्याचा आहे. जो न विचारता आला, त्याच्यासाठी मालकानं किती राबायचं? तेही मालकावर अन्यायच की."

तेही खरं होतं. पण मला सासरे आठवले. आमची विहीर तेव्हा बिनकठड्याची. शेंगा काढणीला आल्या की चोर यायचे. सासरे दर वर्षी त्या दिवसांत विहिरीच्या काठानं मोठे दगड मांडायचे आणि चुन्यानं पांढरे करायचे, अंधारात दिसावेत म्हणून. सासूबाई चिडायच्या, "चोरांसाठी चुना लावताय व्हय?" सासरे म्हणायचे, "शेंगा नेल्या तर शिव्या देता येतात. इहिरीत पडला तर कुणाला देऊ?"

हे मी वैष्णवीला सांगितलं. ती म्हणाली, "पणजोबा हायकोर्टात हवे होते." मग माझ्या कानाशी आली, "पण आजी, तुला सुटायचं असेल तर सोपं आहे. भाऊजीआजोबा न विचारता मागून आले, पातेल्यात पळी घातली, हे सगळ्यांनी पाहिलंय. सापळा मुद्दाम लावला नव्हता. तू फक्त एवढंच बोलायचं, की मी त्यांना बोलावलं नव्हतं."

मी भाकरी उलटली.

समिती बसली ती ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये. अध्यक्ष खाजामियाँ. पिठाची गिरणी चालवायचे, आता मुलगा चालवतो. आवाजावर मात्र गिरणीचा परिणाम राहिलाय, साधं बोलले तरी ओरडल्यासारखं. दर येळवशीला ते आणि त्यांची बायको फातिमाबी आमच्या रानात येतात; फातिमाबी भज्जीत लसूण कमी पडला की तोंडावर सांगते. हॉल भरला होता. लोकांना तंट्याशी देणंघेणं नव्हतं, पळीचं काय होतं ते बघायचं होतं.

भाऊजी खुर्चीवर, प्लास्टरचा पाय स्टुलावर.

खाजामियाँ म्हणाले, "बलभीमराव, सांगा. भाभींच्या रानात कशाला गेलते?"

"बांध बघायला."

"बांध उगवतीला हाय. कोप मावळतीला."

"फिरून बघत व्हतो."

"पळी घेऊन?"

हॉलमध्ये हशा फुटला. मागून कुणीतरी म्हणालं, "मोजत असतील बांध, पळीनं!" भाऊजींचे कान लाल झाले.

"पळीचं सोडा," ते गरजले, "कडब्याचं बोला! मोकळा खड्डा असता तर म्या बघितला नसता का? मला काय डोळं न्हाईत? वरनं कडबा घातला म्हणून पाय टाकला. ढोरासाठीबी कुणी असं करत न्हाय. रानडुकरासाठी करत्यात. मी काय रानडुक्कर हाय?"

वैष्णवी माझ्या कानात पुटपुटली, "हा मुद्दा बरोबर आहे त्यांचा."

कृष्णराज उठला. रात्रभर लेकीकडून शिकून आला होता. "अध्यक्षसाहेब, कडबा लेकरांना जपण्यासाठी टाकला होता. सापळा नव्हता. आणि काका आमच्या बोलावण्यानं आलेले नाहीत. न विचारता, मागच्या बाजूनं आले. घुसखोराची जबाबदारी आमच्यावर येत नाही."

खाजामियाँ माझ्याकडं वळले. "भाभी, तुमी बोला. बोलवलं होतं, का न्हाय?"

कृष्णराजनं डोळ्यांनी मला खूण केली. वैष्णवीनं माझा पदर ओढला. एक 'नाही' म्हटलं की सुटत होते. पण साऱ्या शिवारात घुमेल अशी हाळी द्यायची आणि कुणी खड्ड्यात पडलं की दिलीच नाही म्हणायचं, मग ती हाळी कसली?

मी उठले. "बोलावलं होतं. नाव घेऊन बोलावलं होतं. बलभीम भाऊजी आमचे पाहुणे होते. आणि पाहुण्यासाठी खड्डा बुजवायला हवा होता."

कृष्णराजनं कपाळ धरलं. आणि भाऊजी? मला वाटलं, खूश होतील. ते खुर्चीतून अर्धे उठले, प्लास्टरसकट.

"पाहुणा? मी? अजाबात न्हाय! मी कुणाचा पाहुणा न्हाय!"

खाजामियाँ गोंधळले. "अहो, त्या तुमच्याच बाजूनं बोलायल्यात."

"कुणाच्याबी बाजूनं बोलू द्या. मी जेवायला गेलोच न्हवतो. मी घास घेणार न्हाय म्हणून सांगितलंय सगळ्या गावाम्होरं!"

"मग तुमी कोण व्हता?"

भाऊजींनी इकडंतिकडं पाहिलं. "घुसखोर," ते म्हणाले.

"पाहुणे होता," मी म्हणाले.

"घुसखोर व्हतो, वैनी!"

"भाऊजी, पाहुणे होता."

"मला माहीत का तुमाला माहीत? मागनं आलो, इचारलं न्हाय, कुणाला दिसू नये म्हणून ज्वारीतनं वाकून आलो. आता आणिक कसं यायचं असतं घुसखोरानं?"

वैष्णवीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती हसत होती की रडत होती, कळलं नाही. खाजामियाँ चष्मा काढून पुसायला लागले. "लई तंटे मिटवले मी. पण फिर्याद करणारा म्हणतोय मी चोर, आणि ज्याच्यावर फिर्याद हाय तो म्हणतोय न्हाय हो, तुमी पाहुणे... असलं काय बघितलं न्हवतं."

मी म्हटलं, "खाजाभाई, त्यांना पाहुणे म्हणा, घुसखोर म्हणा, पेवानं काही त्यांना विचारून आत घेतलं नाही. पेव आमचं, फरशी आम्ही काढली, कडबा आम्ही टाकला. चूक आमची. लिहून घ्या."

कृष्णराज उसळला. "ठीक आहे. आमची चूक. मग ती परत होणार नाही असं करतो. रानाला चारी बाजूंनी तार. फाटकाला कुलूप. येळवशीची हाळी बंद. आईनं पाहुणे म्हटलं की जबाबदारी माझी, मग पाहुणेच नकोत."

त्याच वेळी हॉलमध्ये कुजबुज वाढली. मागची माणसं पुढं सरकली.

"म्हंजी भज्जी बंद?"

"आंबीलबी?"

"ह्या बलभीम तात्यापायी?"

"पळी धरली तिथंच गप बसायचं न्हाय का, तात्या?"

खाजामियाँचा चेहरा सगळ्यांत जास्त उतरला. ते दबक्या आवाजात म्हणाले, म्हणजे रस्त्यापर्यंत ऐकू गेलं, "आता फातिमाला काय सांगू मी?"

भाऊजी पडलेल्या चेहऱ्यानं बसले होते. अर्ज त्यांनी आपलं नाव राखायला टाकला होता. आता गाव त्यांना पळीवाला म्हणण्याऐवजी भज्जी बंद करणारा म्हणणार होतं, आणि ते नाव नातवंडांपर्यंत पुरलं असतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, अगदी साधेपणानं, "शांताक्का असती तर तिला लई वाईट वाटलं असतं हो, भाऊजी. दर वर्षी किती हौसेनं यायची. नुसती यायची नाही..."

"वैनी!" भाऊजी घाईनं म्हणाले. घसा खाकरला. मग खाजामियाँकडं वळून एकदम करारी आवाज काढला. "अध्यक्ष, हे तारेचं मला मंजूर न्हाय."

"तुमाला कशाला मंजुरी पायजे? रान त्यांचं हाय."

"रान त्यांचं, पन पाय माझा मोडलाय. पेव नुसतं बुजवतो म्हणून कुणी सांगितलं तर मी इस्वास ठेवणार न्हाय. ह्यांचं झाकणं कसलं असतंय, बघितलंय मी. ते बुजवलं का, माती खचली का, हे मी सोता बघणार. दर येळवशीला."

"येळवशीलाच का?" कृष्णराजनं विचारलं.

"गर्दी त्या दिशी असती. धोका त्या दिशी." भाऊजींनी काठी आपटली. "आणि तार घातली, कुलूप घातलं, तर मी आत जाऊ कसा? पाहणी कशी करू? म्हणून तार न्हाय. आणि हाळी चालू ऱ्हायला पायजे. न्हायतर मला कळायचं कसं, लोक आलेत का न्हाय ते?"

खाजामियाँनी वाट पाहिली नाही, न जाणो पुन्हा कुणाचं मन फिरायचं. "मंजूर!" ते गिरणीच्या आवाजात ओरडले. "पेव बुजवायचं. कुंपण न्हाय. हाळी चालू. बलभीमरावांनी दर येळवशीला पाहणी करायची. चहा मागवा!"

कृष्णराज माझ्याकडं बघत राहिला. घरी येताना म्हणाला, "आई, तू आधीच ठरवलं होतंस का हे?" मी म्हटलं, "मी काय ठरवणार बाबा? मी तर हरले की नाही?"

त्यानं पेव मात्र चांगलं बुजवलं. मुरूम टाकून धुम्मसानं ठोकून घट्ट केला आणि पंपघराची पायरी उखडून ती फरशी परत जागेवर आणली. वर मी चुना लावून घेतला. सासऱ्यांचा हिशोब एवढाच, की दिसलं पाहिजे.

पुढच्या येळवशीला मी बांधावर उभी राहिले. ज्वारी चांगली होती. हाळी दिली, आणि शेवटी नेहमीप्रमाणं, "बलभीम भाऊजी, या हो जेवायला!"

आणि भाऊजी आले. समोरून, पायवाटेनं, काठी टेकत. नवं पागोटं. धोतर कडक इस्त्रीचं. पंगतीत घास हातातच राहिले. कुणी हसलं नाही. खाजामियाँनी सगळ्यांकडं एकदा डोळे वटारून पाहिलं होतं.

"मी जेवायला आलो न्हाय," भाऊजींनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "पाहणीला आलोय."

"करा की," मी म्हटलं.

ते कोपीच्या मागं गेले. मी आणि वैष्णवी मागोमाग. त्यांनी फरशीवर काठी ठोकली, चार बाजूंनी ठोकली, वाकून चुना नखानं खरवडला. मग फरशीवर एक पाय ठेवला, मग दुसरा. बराच वेळ उभे राहिले. पातेलं तिथंच होतं, नेहमीच्या जागी. वाफ येत होती.

वैष्णवी माझ्या कानाशी म्हणाली, "आजी, आता हे कोण धरायचे? पाहुणे की...?"

"तू झाकण काढ," मी म्हटलं.

"दगूड ठीक हाय," भाऊजी म्हणाले. "पन वरनं काय कळत न्हाय. आतली माती तपासायला पायजे. घरी न्यून, उजेडात." आणि सदऱ्याच्या आतून त्यांनी एक स्टीलचा डबा काढला. तोच. झाकणावर टोचून काढलेलं नाव: शांताक्का. घासून लखलखीत केलेला.

मी डबा घेतला. मला काही क्षण नीट दिसेना, वाफेमुळं असेल. मग मी पळी घातली आणि काठोकाठ भरला, जसा दर वर्षी भरत होते तसा.

भाऊजी मात्र आभाळाकडं बघत उभे होते. झाकण लावताना त्यांचा आवाज आला, "वैनी, माती जरा दाबून भरा. आणि वर तेल येऊ द्या. शांता लई कोरडी आणायची."

"ती वाटेत खायची, भाऊजी," मी म्हटलं. "वरचं तेवढं."

त्यांनी डबा छातीशी धरला. पायवाटेनं परत निघाले, पंगतीसमोरून, सरळ. बांधावर जाऊन थांबले आणि मागं वळून ओरडले, "पुढच्या साली परत बघावं लागंल! माती खचती!"